बर्फाखालचा सप्टेंबर

नम्रता गजभिये हडपसरच्या एका आयटी पार्कात बसून अंटार्क्टिकाच्या समुद्रातले जीव मोजायची. हे कोणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे नक्की काय करता?"

काम सांगायला सोपं होतं. त्या बर्फाळ किनाऱ्यावर एका परदेशी संस्थेचा तळ होता. तळासमोरच्या गोठलेल्या समुद्राखाली, जमिनीत रोवलेल्या लोखंडी चौकटीवर एक कॅमेरा बसवला होता. शेजारी पाण्याचं तापमान, खारटपणा आणि उजेड मोजणारी उपकरणं. कॅमेरा वर्षभर दर काही मिनिटांनी एक फोटो काढायचा. हजारो फोटो साठले की ते पुण्याला यायचे आणि नम्रता एकेक उघडून त्यात काय दिसतंय ते नोंदवायची. मासा, कोळंबीसारखा जीव, जेलीफिश, शेवाळ, काहीच नाही. त्या नोंदींवरून तिकडचे शास्त्रज्ञ बर्फाखालचं पाणी ऋतूंप्रमाणे कसं बदलतं ते पाहायचे, आणि ते बदलणं वर्षागणिक पुढेमागे सरकतंय का तेही.

तिनं नागपूरला प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं होतं. कॉलेजात शिकवायची इच्छा होती, पण तासिका तत्त्वावर या गावातून त्या गावात फिरण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. वडील, सीताराम, भंडाऱ्याला पोस्टात होते. ते वारले, तेव्हा आईला घेऊन ती पुण्याला आली आणि मिळाली ती नोकरी धरली. कंपनीत बाकीच्या टेबलांवर पोरं चपलांचे, सोफ्यांचे, नंबरप्लेटांचे फोटो निवडत बसायची. समुद्र एकटीच्या वाट्याला आला होता, कारण बायोडेटावर प्राणिशास्त्र लिहिलेली ती एकटीच होती.

पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं, सगळं एकसारखं निळं-पांढरं असेल. तसं नव्हतं. तिकडचा उन्हाळा संपत आला की पाणी गढूळ हिरवं असायचं, हातभरापलीकडचं दिसायचं नाही. मग आपल्याकडे रसवंत्या सुरू व्हायच्या सुमारास तिकडे वर बर्फ धरायला लागायचा आणि पाणी दिवसागणिक निवळत जायचं. गोठताना बर्फ मीठ आत ठेवत नाही, खाली सोडून देतो. ते खारट, जड पाणी खाली सरकताना फोटोत धुरकट दोऱ्यांसारखं दिसायचं. हिवाळ्यात सूर्यच नसे. तेव्हा कॅमेऱ्याच्या दिव्यात दिसायचं ते काळं, काचेसारखं स्वच्छ पाणी, आणि चौकटीच्या दोरांवर पानापानांनी वाढत चाललेले बर्फाचे पातळ पापुद्रे. शेकडो फोटोंत एकही जीव नसायचा. तरी प्रत्येक फोटो उघडून "काहीच नाही" म्हणावं लागायचं. मग सप्टेंबरात वरून फिकट उजेड झिरपायला लागायचा, ऑक्टोबरात बर्फाच्या पोटाला तपकिरी शेवाळ चढायचं, ते खायला बारीक जीव उलटे लटकून यायचे, आणि डिसेंबरात एका आठवड्यात सगळं पाणी पुन्हा हिरवं.

या फोटोंत मधूनच एक माणूस यायचा. त्याचं नाव यान. तो तळावरचा पाणबुड्या होता. बर्फाला पाडलेल्या भोकातून उतरून महिन्यातून एकदा तो कॅमेऱ्याची काच पुसायचा आणि साठवलेल्या फोटोंची डबी बदलायचा. पाणबुड्या दिसणारे फोटो शास्त्राच्या कामाचे नसत, ते "बाद" म्हणून वेगळे काढायचे आणि महिनाअखेरीला ते आपोआप पुसले जायचे.

एकदा काच नीट पुसली गेली नव्हती. नम्रतानं तसं तळावर कळवलं. पुढच्या खेपेच्या फोटोत यान एक छोटी पाटी धरून उभा होता. पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, "माफ करा, पुणे." मुखवट्यामुळे चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हसल्यासारखे वर गेले होते. तिनं शेजारच्या टेबलावरच्या रोहनला बोलावून ते दाखवलं. रोहन म्हणाला, "मॅडम, क्लायंट सॉरी म्हणतोय? फ्रेम करून लावा."

तेव्हापासून यान दर महिन्याला काहीतरी लिहायचा. कधी तिथली थंडी, कधी जेवणातला बेत. एकदा त्यानं ईमेलवर विचारलं, तुमच्या लिपीत नमस्कार कसं लिहितात. तिनं लिहून पाठवलं. पुढच्या डबीत पाटीवर "नमस्कार" होतं, फक्त "स्का"मधला काना सुटून "र"ला चिकटला होता. बोलणं एवढंच. त्याला लीना नावाची बायको आहे आणि तो परतला की ते दोघं शेळ्या पाळणार आहेत, हेही तिला पाटीवरूनच कळलं.

दोन हजार चौदाच्या सप्टेंबरात, गणपतींचं विसर्जन होऊन पुणं नुकतं शांत झालं होतं तेव्हा, प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर इंग्रिड यांचा ईमेल सगळ्यांना आला. यान गेला होता. तो आणि त्याचा जोडीदार खाली असताना बर्फाला तडा गेला, बर्फाचे तुकडे सरकले आणि यानला भोकाशी बांधणारी दोरी कापली गेली. जोडीदार वर आला. यानला शोधायला लगेच माणसं उतरली. प्रवाह पूर्वेकडे होता म्हणून पूर्वेकडे शोधलं. तो सापडला नाही. वाऱ्यावादळामुळे नंतर कित्येक दिवस कोणाला बर्फावर जाताच आलं नाही. ईमेलच्या शेवटी लिहिलं होतं, डॉक्टरांच्या मते थंडीनं त्याची शुद्ध लगेच हरपली असावी.

नम्रतानं तो ईमेल वाचला, चहाच्या मशीनपर्यंत गेली आणि कप न घेता परत आली.

कॅमेरा मात्र खाली चालूच होता. नोव्हेंबरात दुसऱ्या पाणबुड्यांनी जाऊन डबी वर आणली, ती विमानानं संस्थेत पोहोचली, आणि डिसेंबरात फोटो पुण्याला आले. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचे. तिकडे ते कोणीही उघडले नव्हते. तसा प्रघातच होता, एवढे फोटो पाहायला माणूस नाही म्हणून तर ते पुण्याला यायचे.

टीमचा प्रमुख श्रीधर आपटे नारायण पेठेतला. कमी बोलायचा आणि बोलला की समोरच्याला आपण काही विचारलंच नसतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. पण त्या दिवशी त्यानं तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "ते मधले दिवस रोहनला देऊ का?"

"नको सर. मीच करते."

"ठरवा आपणच. नंतर सुट्टी मागू नका."

ती क्रमानं निघाली. ऑगस्टातलं काळं पाणी, दोरांवरचे पापुद्रे, काहीच नाही, काहीच नाही. मग एका दिवशी दुपारच्या फोटोंत वरच्या बाजूला राखाडी उजेड आला. तो रोज थोडा वाढत होता. बर्फाच्या छतात पश्चिमेला एक जागा इतरांपेक्षा उजळ दिसायला लागली, एखाद्या खोलीला झरोका असावा तशी. तिनं आधीची वर्षं पाहिली होती, त्यामुळे ते काय आहे ते तिला ठाऊक होतं. तिथं वरचा भुसभुशीत हिम वाऱ्यानं उडून जातो, म्हणून उजेड आत येतो. खालचा बर्फ तेवढाच जाड असतो, माणसाला त्यातून वाट नसते.

सप्टेंबर सुरू झाला तसा तिचा वेग कमी झाला. एकेक फोटो उघडण्याआधी ती माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवायची. इंग्रिड यांच्या ईमेलमधली तारीख तिला पाठ होती.

त्या दिवशीच्या फोटोंत आधी दोन दिवे लांबवर दिसले, मग पाण्यात एकदम बर्फाचा चुरा. त्यानंतरच्या काही फोटोंत कोणी नाही. तिला वाटलं, संपलं, तो इकडे आलाच नाही. तिनं पुढचा फोटो उघडला आणि त्यात यान होता.

तो चौकटीला धरून होता. कापलेल्या दोरीचा तुकडा कमरेपासून लोंबत होता. त्याला भोक सापडलं नव्हतं, पण चौकट सापडली होती. त्या पाण्यात डोळे मिटूनही त्याला माहीत असलेली ती एक जागा होती. पुढच्या फोटोत तो तिथंच. त्याच्या पुढच्याही. दिवा त्यानं भोकाच्या दिशेला धरला होता, कोणीतरी येईल म्हणून. ते सगळे त्या वेळी पूर्वेला शोधत होते.

मग एका फोटोत सगळ्या काचेवर त्याचा हातमोजा होता, पंजा पसरलेला. पुढच्या फोटोत हात नव्हता आणि काच स्वच्छ होती. यान मान वर करून पश्चिमेकडच्या त्या उजळ जागेकडे बघत होता. त्याच्या पुढच्या फोटोत त्याची पाठ होती आणि तो तिकडे निघाला होता. नंतर फक्त दिवा, लहान, मग आणखी लहान. मग काहीच नाही.

नम्रता उठली नाही. रोहननं दोनदा हाक मारली तेव्हा तिनं स्क्रीन बंद केली.

श्रीधरला तिनं ते फोटो दाखवले. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिले.

"प्रक्रियेप्रमाणे हे बाद," तो म्हणाला.

"सर, महिनाअखेरीला पुसले जातील."

"माहीत आहे मला. प्रक्रिया मीच लिहिली आहे." त्यानं केबिनचं दार लावलं. "हे बघा, आपला करार माशांचा आहे. माणसांचा नाही. उद्या हे फोटो बाहेर गेले, तर कोणी विचारेल की हा माणूस तिथं जिवंत होता आणि तुम्ही भलतीकडे शोधत होता का. ते आपल्याला विचारणार नाहीत, पण कंत्राट आपलं जाईल. शिवाय त्याच्या बायकोला एक सांगितलंय, ते तिनं कसंबसं गिळलं असेल. आपण तिला आणखी काय देणार?"

"मग काय करू?"

"मी आपल्या सेल्सच्या माणसाला सांगतो. तो त्यांच्या माणसाशी बोलेल."

तो बोलणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. पण श्रीधर यानच्या बायकोबद्दल जे बोलला ते खोटं नव्हतं, आणि तेच तिच्या मनातून जाईना. खरं सांगणं म्हणजे त्या बाईला सांगणं, की तुझा नवरा लगेच गेला नाही, तो थांबला होता.

संध्याकाळी गाडीतळावर बसमधून उतरून ती घरी आली. आई, वेणूबाई, सतरंजीवर बसून मेथी निवडत होती. नम्रतानं पाय धुतले, समोर बसून तीही निवडायला लागली. आणि न राहवून तिनं विचारलं, "आई, समजा कोणाचं माणूस कसं गेलं ते आपल्याला माहीत आहे, पण त्याच्या घरच्यांना नाही. तर सांगावं का?"

वेणूबाईंचे हात थांबले.

"संतोषचं काही समजलं का?"

विचारायच्या आधी ते आपल्या लक्षात कसं आलं नाही, हे नम्रताला नंतर कधीच उमगलं नाही. संतोष तिचा मोठा भाऊ. बारावीत दोनदा नापास झाल्यावर वडिलांशी भांडून तो सुरतेला कापडाच्या गिरणीत कामाला गेला होता. वर्षभर एसटीडी बूथवरून फोन करायचा, शेजारच्या ढोकेकाकांकडे. मग फोन बंद झाले. वडील दोनदा सुरतेला जाऊन आले. पोलिसांत नोंद झाली. त्याला आता पंधरा वर्षं होत आली होती. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे, आणि भंडाऱ्याच्या घराचे नवे मालक अजूनही वेणूबाईंचा पुण्याचा पत्ता भिंतीवर लिहून ठेवत, कारण त्यांनी तशी अट घातली होती.

"नाही आई. हे ऑफिसातलं आहे. एक परदेशी माणूस..."

"कोनाचा फोन आला? ढोकेचा? मले सांग. मी रडनार नाही, काही करनार नाही. फक्त सांग."

"आई, खरंच नाही. माझी चूक झाली."

"कुठं सापडला तेवढं सांग."

नम्रतानं तिचे हात धरले. मग मोबाईलवर इंग्रिड यांचा सप्टेंबरातला ईमेल काढून दाखवला, तो इंग्रजीत होता आणि आईला वाचता येत नव्हता. तिनं यानचं सगळं सांगितलं, बर्फ, भोक, पाटी, शेळ्या. वेणूबाईंनी ऐकलं, पण त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, शब्दांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. कुठंतरी या गोष्टीतून संतोष बाहेर येईल म्हणून त्या वाट पाहत होत्या. तो आला नाही तेव्हा त्यांनी मेथीची परात बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. त्या दिवशी त्या घरात कोणी जेवलं नाही.

सकाळी डबा हातात देताना वेणूबाई म्हणाल्या, "त्या बाईले सांगून टाक."

"तिला जास्त त्रास होईल, आई."

"होईल. पन एकदाच होईल." त्यांनी डब्याच्या पिशवीची गाठ पुन्हा बांधली. "मले मात्र असं काही पुन्हा इचारू नको."

ऑफिसात पोहोचताच नम्रतानं इंग्रिड यांना ईमेल लिहिला. अवघड काही लिहायचं नव्हतं. यानचे फोटो आहेत, तो कॅमेऱ्याशी आला होता, नंतर पश्चिमेकडे गेला. महिनाअखेरीला ते पुसले जातील, आपण सांगाल तसं करते. पाठवण्याआधी तिनं श्रीधरच्या केबिनकडे पाहिलं. तो फोनवर होता. फोटो जोडून तिनं ईमेल पाठवून दिला.

दुपारी इंग्रिड यांचा व्हिडिओ कॉल आला. आतापर्यंत त्यांचं फक्त नाव पाहिलेलं. पिकलेल्या केसांच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. फोटो त्यांनी पाहून झाले होते.

"हे तू एकटीनं पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या म्हणाल्या, "शोध पूर्वेकडे घ्यायला मीच सांगितलं होतं. प्रवाहाचे आकडे माझ्यासमोर होते. तो प्रवाहाविरुद्ध पोहत कॅमेऱ्याकडे जाईल असं मला वाटलं नाही."

नम्रतानं त्या उजळ जागेचे आधीच्या आठवड्यांतले फोटो उघडून दाखवले. दोघींनी मिळून तिची दिशा काढली, चौकटीपासून ती किती लांब असेल त्याचा अंदाज केला. इंग्रिड यांना ती जागा वरून ठाऊक होती. एका अडकून पडलेल्या हिमनगाच्या आडोशाला, जिथं वारा हिम झाडून नेतो. खाली तिथं जमिनीला घळ आहे, प्रवाह लागत नाही.

"म्हणजे तो अजून तिथं असू शकेल," इंग्रिड म्हणाल्या. "पण बर्फ महिन्याभरात फुटेल. मग नाही."

जानेवारीत त्यांनी त्या जागी बर्फाला भोक पाडलं आणि तारेनं चालणारं एक छोटं यंत्र खाली सोडलं. पाणी तोवर पार हिरवं झालं होतं, यंत्राच्या कॅमेऱ्याला जेमतेम दिसत होतं. चौथ्या की पाचव्या खेपेला यान सापडला. घळीत, कुशीवर. त्याला वर आणलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथला बर्फ फुटून वाहून गेला.

इंग्रिड यांनी प्रकल्पाचं प्रमुखपद सोडलं. कोणी त्यांना सोडायला सांगितलं नव्हतं, असं रोहननं कुठूनसं ऐकलं होतं.

श्रीधरनं नम्रताला केबिनमध्ये बोलावलं. नोकरी जाणार असं धरूनच ती गेली होती. तो संगणकावर काहीतरी टाईप करत राहिला आणि मान वर न करता म्हणाला, "पुढच्या वेळी मला सीसीत ठेवा. निदान बातमी बाहेरच्यांकडून कळायला नको."

"सॉरी सर."

"बसा." ती बसली. टायपिंग थांबलं. "सापडला ते बरं झालं," तो म्हणाला आणि पुन्हा टाईप करू लागला.

फेब्रुवारीत इंग्रिड यांचा शेवटचा ईमेल आला. यानचं दफन झालं होतं. लीनानं फोटो पाहिले नव्हते. तिला पाहायचेही नव्हते. पण ते पाहिलेल्या पुण्याच्या बाईला तिला एक गोष्ट विचारायची होती. त्याला भीती वाटत होती का?

नम्रतानं तो प्रश्न आठवडाभर तसाच ठेवला. त्या हाताचा फोटो इथल्या संगणकांवरून पुसला जाण्याआधी तिनं इतक्यांदा पाहिला होता की आता डोळे मिटले तरी दिसायचा. पसरलेला पंजा, मग स्वच्छ काच. सवयीनं त्यानं काच पुसली असेल. किंवा पलीकडे कोणीतरी बघतंय असं वाटून ती बडवली असेल, आणि हातमोज्याच्या घासण्यानं ती आपसूक पुसली गेली असेल. एका फोटोत हात हलत नाही. त्यावरून दोन्ही सारखंच दिसतं. पलीकडे त्या वेळी कोणी नव्हतं. ती होती, पण तीन महिन्यांनी.

शेवटी तिनं लिहिलं. "मुखवट्यामुळे चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे भीतीचं मला सांगता येणार नाही. तो चौकटीला धरून वाट पाहत होता. घाईत वाटला नाही. जाण्याआधी त्यानं काच पुसली. त्या दिवसानंतरचे फोटो इतक्या वर्षांतले सर्वांत स्वच्छ आहेत. मग तो उजेडाकडे गेला."

पाठवल्यावर तिला हलकं वाटलं नाही. आपण खोटं बोललो असंही वाटलं नाही, खरं बोललो असंही नाही. लीनाचं उत्तर आलं नाही आणि तिनं त्याची वाट पाहिली नाही.

त्या वर्षीचं काम तिनं पुरं केलं. नोव्हेंबरातलं शेवाळ, उलटे लटकलेले जीव, सगळं तिनं नोंदवलं. वसंत यायची वेळ आधीच्या वर्षांपेक्षा थोडी पुढे सरकली होती, असं नवीन प्रमुखांनी कळवलं आणि आभार मानले. पुढच्याच वर्षी त्यांनी असंही कळवलं, की आता फोटो वाचणारं सॉफ्टवेअर तयार झालं आहे. ते नम्रताच्याच इतक्या वर्षांच्या नोंदींवर शिकवलं होतं. ते मासा ओळखायचं, कोळंबीसारखा जीव ओळखायचं, काहीच नसलं तर तेही सांगायचं. कंत्राट संपलं. श्रीधरनं तिला रस्त्यांच्या फोटोंवर टाकलं. परदेशातले चौक, त्यांतली झाडं, सिग्नल, पायी चालणारी माणसं. ही माणसं बाद करायची नव्हती, प्रत्येकाभोवती चौकोन काढायचा होता.

घरी वेणूबाई त्या मेथीच्या संध्याकाळनंतर कमी बोलू लागल्या होत्या. नम्रता परत आली की जेवण तयार असे, ऑफिसची चौकशी नसे. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी, कपडे वाळत घालताना, त्या म्हणाल्या, "संतोषचं पुण्यानुमोदन करून टाकू."

संतोष गेला असं धरून त्याच्या नावानं शेवटचा विधी करून टाकावा, हेच काका गेली कित्येक वर्षं म्हणत होते आणि दर वेळी वेणूबाईंनी त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

"आई, आपल्याला नक्की काही माहीत नाही."

"नाही माहीत."

"मग?"

"मग काय. माहा बी जीव आता थकला ना, बाई."

हडपसरच्या विहारात कार्यक्रम झाला. भंडाऱ्याहून काका-काकू आले, ढोकेकाकांचा मुलगा आला, सोसायटीतल्या चारदोन बायका आल्या. ऑफिसातलं कोणी येईल असं नम्रताला वाटलं नव्हतं, पण श्रीधर आला आणि मागच्या ओळीत चपला कुठे काढायच्या ते न कळून बराच वेळ उभा राहिला. टेबलावर संतोषचा फोटो होता, दहावीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात तो नम्रतापेक्षा खूपच लहान दिसत होता. तिच्या भावासारखा नाही, तिच्या मुलासारखा.

भंतेजींनी विचारलं, "निधनाची तारीख?"

काका नम्रताकडे बघू लागले. नम्रता आईकडे.

"तारीख नाही," वेणूबाई म्हणाल्या. पांढऱ्या लुगड्यात त्या ताठ बसल्या होत्या. "तुमी सुरू करा."

त्रिशरण झालं, पंचशील झालं. मेणबत्त्या लावताना काकूंनी हुंदका दिला, वेणूबाईंनी नाही. लोकांना जेवायला वाढून झालं, भांडी परत केली, काका-काकू आणि ढोकेकाकांचा मुलगा रिक्षानं स्टेशनवर गेले. त्या दोघी चालत निघाल्या. उड्डाणपुलाखाली भाजीवाले बसले होते. वेणूबाई एका पाटीपाशी थांबल्या, वांगी हातात घेऊन दाबून पाहिली आणि परत ठेवली.

"घेऊ का?" नम्रतानं विचारलं.

"तुले आवडत नाहीत," वेणूबाई म्हणाल्या. "त्याले आवडायची."

नम्रतानं पाव किलो वांगी घेतली. पिशवी नम्रताच्या हातातून काढून आईनं आपल्या खांद्याला अडकवली, आणि गर्दीतून वाट काढत दोघी घराकडे वळल्या.